स्लीव्हनंतर ॲसिडिटीची टेस्ट? आधी गोळ्यांचा डबा उघडा

मागच्या वेळी नाशिकरोडहून सकाळची पंचवटी पकडून मुंबईला गेले आणि टेस्ट न होताच परत आले, कारण एक गोळी. म्हणून हे लिहितेय.

स्लीव्हला, म्हणजे वजन कमी करायला पोट लहान करण्याच्या ऑपरेशनला, चार वर्षं झाली, वजन उतरलं, पण रात्री आडवं झालं की आंबट पाणी घशाशी. एंडोस्कोपीत हायटस हर्निया निघाला, म्हणजे पोटाचा वरचा भाग छाती आणि पोटामधल्या पडद्यातून छातीत सरकलाय. स्लीव्हमध्ये पोटाचा पाऊण भाग काढतात, उरते ती अरुंद नळी, आत प्रेशर जास्त आणि वरची झडप सैल, मग ॲसिड वर येणारच. आता नुसता हर्निया शिवायचा की पोटाचा बायपास (अन्न पोटाला वळसा देऊन आतड्यात नेणारं ऑपरेशन) करायचा हे ठरवायला मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजतात) आणि २४ तासांची पीएच टेस्ट (ॲसिड किती वर येतं ते मोजतात).

तर गोळी. पॅन्टोप्राझोल, रॅबेप्राझोल, इसोमेप्राझोल या ॲसिड कमी करणाऱ्या गोळ्या साधारण ७ दिवस आधी बंद करायला सांगतात, नाहीतर मशीनला ॲसिड दिसतच नाही. मी पॅन्टोप्राझोल बंद केली होती हो! पण मेडिकलवाल्याने मध्ये दिलेली दुसऱ्या नावाची कॅप्सूल, सकाळी रिकाम्या पोटी घ्यायची, ती सुरूच. आत रॅबेप्राझोल आणि डॉम्पेरिडॉन. नर्सने विचारलं तेव्हा स्ट्रिप उलटी करून वाचली, आणि संपलं. म्हणून स्ट्रिपचं नाव वाचू नका, मागचं बारीक अक्षर वाचा. फॅमोटिडिन (तीही ॲसिडचीच गोळी), ॲसिडिटीचं गुलाबी सिरप, उलटीची गोळी, सगळं कागदावर लिहून टेस्टवाल्या डॉक्टरांना दाखवा, काय कधी बंद ते त्यांच्याकडून लिहून घ्या. कुणाकुणाला गोळी चालू ठेवूनच टेस्ट सांगतात, आणि रक्त पातळ करायची किंवा शुगरची गोळी मनाने बंद करायची नाही, तेही विचारा. गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस जास्तच जळजळतं, घाबरून एक घेऊ नका. एकसुद्धा नाही.

फाइल. जुन्या सर्जरीची ऑपरेशन नोट मागून घ्या, डिस्चार्ज कार्ड पुरत नाही, तेव्हा हर्निया दिसला होता का, शिवला होता का ते नोटमध्येच असतं. एंडोस्कोपीचा रिपोर्ट, बेरियमची फिल्म, आधार, वगैरे.

कपडे: पुढून बटणांचा शर्ट किंवा कुर्ता. नाकातून बारीक नळी घालून गालाला चिकटवतात, डोक्यातून टी-शर्ट काढताना ओढली गेली तर परत पहिल्यापासून. केस आदल्या दिवशी धुवा, नळी असताना अंघोळ नाही.

उपाशी किती तास ते विचारून घ्या. मॅनोमेट्रीत पाण्याचे घोट सांगतील तसे गिळायचे, मध्येच गिळलं की तो घोट बाद. नंतर घरचं नेहमीचं जेवा, लिंबू सरबत आणि कोल्ड्रिंक सोडून, ते आंबटच असतं, उगाच मोजलं जातं. मिसळ? मी नाही खाल्ली, तुमचं तुम्ही बघा. जेवलात, आडवे झालात, जळजळलं, प्रत्येक वेळी नळीला जोडलेल्या छोट्या मशीनचं बटण दाबा आणि वेळ लिहा.

नळी काढायला दहा सेकंद. गोळी परत कधी सुरू ते विचारा, रिपोर्ट घ्या, झालं.

माझी टेस्ट मंगळवारी. ती कॅप्सूलची स्ट्रिप सासूबाईंच्या कपाटात आहे, मागितली तरी देऊ नका म्हणून सांगून ठेवलंय. काल रात्री दोनदा मागितली.