कर्जातून सोडवणारा खरा की भोंदू? हा प्रश्न विचारून बघा

सोलापुरात खांबावर, रिक्षाच्या पाठीवर ‘कर्जमुक्ती करून देतो’ असं लिहिलेलं दिसतं, खाली नुसता मोबाइल नंबर. अशा कुणाकडे जायचंच असेल, तर पैसे देण्याआधी एवढं करा.

१. सरळ विचारा, ‘सेटलमेंट केली, म्हणजे बँकेशी ठरवून कमी रकमेत कर्ज मिटवलं, तर सिबिलवर, म्हणजे माझ्या कर्जफेडीच्या नोंदीत, काय दिसेल?’ जाणकार लगेच सांगतो की ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो आणि पुढचं कर्ज मिळायला जड जातं. ‘काही होत नाही हो, आपली वर ओळख आहे’ असं उत्तर आलं, की चहा संपवा आणि उठा.

२. वकील असेल तर सनद क्रमांक, सीए असेल तर सदस्यत्व क्रमांक मागा. खरा माणूस चिडत नाही.

३. फी किती, कशाची, हे कागदावर घ्या.

खरं तर आधी जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. विडी कामगार बायकांनी तर हे नक्की लक्षात ठेवावं.

जपा: कोऱ्या चेकवर सही नको, ओटीपी नको, आणि बँकेचा हप्ता सल्लागाराच्या खात्यावर कधीच भरू नका.