पार्सनिप : पहिले तीन आठवडे वाफ्याचा वरचा थर सुकू देऊ नका

"बी उगवलंच नाही" ही पार्सनिपची (गाजराच्या कुळातलं पांढरट मूळ) नेहमीची तक्रार, आणि दोष दर वेळी बियाण्याला. अशा वाफ्यात नखाने एक सेंटिमीटर माती उकरून बघा. पातळ, तपकिरी, पापडीसारखं बी सापडतं आणि त्याच्या टोकाला केसाएवढं सुकलेलं मूळ. म्हणजे बी जिवंत होतं, मोडही आला होता. मधल्या एका दुपारी वरची माती कोरडी पडली आणि मोड जागीच वाळला.

पार्सनिपला उगवायला 2 ते 4 आठवडे लागतात. मुळा चार-पाच दिवसांत वर येतो, म्हणून तिथे चूक झाकली जाते. इथे बी इतके दिवस वरच्या एक-दीड सेंटिमीटर मातीत पडून असतं, आणि ऊन-वारा सगळ्यात आधी तोच थर ओढून घेतो. आठवडाभर लोक मन लावून पाणी देतात. दहाव्या दिवशी काही दिसत नाही, मग एक दिवस चुकतो, दोन चुकतात. नेमक्या त्याच दिवसांत मोड बाहेर पडत असतो.

म्हणून पेरणीची तारीख हवामान बघून ठरवा. पुढच्या चार-पाच दिवसांत कोरडा वारा किंवा कडक उन्हाचा अंदाज असेल तर थांबा. उगवणीला मातीचं 10 ते 20 अंश तापमान मानवतं; त्याहून तापलेल्या मातीत उगवण घसरते. कडक हिवाळा असेल तिथे बर्फ सरल्यावर पेरणी. हिवाळा सौम्य असेल तिथे उन्हाळा उतरताना, म्हणजे मूळ थंडीत पोसलं जाईल. बी हलकं असतं, वाऱ्याने उडतं. वारा पडलेला, ढगाळ दिवस उत्तम.

पाणी कसं द्यायचं, ते नीट वाचा. पेरणीच्या आदल्या दिवशी वाफा खोलवर भिजवा आणि वापसा आल्यावर, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाल्यावर, पेरा. पेरून झाल्यावर मोठ्या धारेने पाणी सोडलं की बी वाहून एका कोपऱ्यात जमतं आणि माती दबून वर कडक पापुद्रा धरतो. झारीच्या बारीक तोटीने, थोडं थोडं, सकाळ-संध्याकाळ द्या. सकाळी दव असतं, माती ओली भासते. त्यावर जाऊ नका. दुपारी नखाएवढ्या खोलीवर बोट लावून बघा, कोरडं लागलं तर लगेच शिंपडा. ओळीवर ओलं गोणपाट किंवा फळी टाकली तर हे काम निम्म्यावर येतं, पण आठव्या दिवसापासून रोज उचलून बघा. पहिला हिरवा ठिपका दिसला की त्याच संध्याकाळी झाकण काढा, नाहीतर रोपं पिवळी, लांबट होतात. चिकण माती असेल तर बियाण्यावर तीच माती न ओढता चाळलेलं जुनं कंपोस्ट किंवा वाळू टाका, पापुद्रा धरत नाही.

दुसरी गोष्ट बियाण्याचं वय. पार्सनिपचं बी जेमतेम वर्षभर टिकतं. पाकिटावर पॅकिंगची तारीख नसेल तर घेऊ नका. घरात जुनं पाकीट असेल तर 20 बिया ओल्या कापडात गुंडाळून ठेवा. तीन आठवड्यांत निम्म्यांनाही मोड आले नाहीत तर फेकून द्या. मोड आलेल्या बिया हलक्या हाताने थेट वाफ्यात लावता येतात, फक्त मूळ मिलिमीटर-दोन मिलिमीटरचं असतानाच.

दुकानात याच वेळी "उगवण वाढवणारं" द्रावण आणि "मुळं फुगवणारे" दाणे पुढे केले जातात. कोरड्या मातीत द्रावण काही करत नाही आणि ओल्या मातीत त्याची गरज नसते. मुळं फुगवायच्या नावाखाली जास्तीचं नत्र (नायट्रोजन) गेलं तर पाला माजतो आणि मूळ बारीक राहतं. माती परीक्षणात बोरॉन कमी आल्याशिवाय बोरॅक्सलाही (बोरॉन देणारा क्षार) हात लावू नका, जास्त झालं तर ते पिकाला विषारी ठरतं. तो पैसा ताज्या बियाण्यावर घाला.

माझा एक अंदाज सांगतो. त्याच ओळीत अधूनमधून मुळ्याचं बी टाकलं तर पार्सनिपची उगवण बरी दिसते. मुळ्याचे कोंब वरची माती फोडून वाट करून देतात, असं मला वाटतं. ओळ कुठे आहे हे कळतं, एवढा फायदा तर नक्कीच. मुळा काढताना उपटू नका, शेजारचं रोप हलतं. जमिनीलगत कापा.

बाकीची कामं :
- जमीन : 30 सेंमी खोल भुसभुशीत, दगड वेचलेली, सामू (pH) 6.5 ते 7
- खत : कुजलेलं कंपोस्टच, ताजं शेणखत नको, मुळाला फाटे फुटतात
- पेरणी : 1 ते 1.5 सेंमी खोल, दोन ओळींत 30 ते 45 सेंमी
- पुनर्लागण : करू नये, सोटमूळ वाकडं होतं
- विरळणी : रोपं 5 ते 7 सेंमी झाल्यावर, अंतर 8 ते 10 सेंमी
- पाणी : पुढे आठवड्याला 25 मिमी, म्हणजे चौरस मीटरला 25 लिटर
- तण : हाताने, खुरप्याची जखम मुळाला नको
- गाजरमाशी असल्यास : पेरणीपासूनच बारीक जाळी

मोठं झाल्यावरही पाण्याची तीच हयगय वेगळ्या रूपाने भोवते. दोन आठवडे कोरडं ठेवून मग भरपूर पाणी दिलं की मुळं तडकतात. तडकलेल्या माथ्यातून बुरशी शिरते, खांद्यावर काळे-तांबूस खरबरीत डाग पडतात आणि सड खाली उतरते. डाग दिसल्यावर फवारणीने मूळ परत चांगलं होत नाही. उघडे पडलेले माथे मातीची भर देऊन झाका, आणि गाजर-पार्सनिप त्याच जागी तीन वर्षं घेऊ नका. 'ग्लॅडिएटर' ही संकरित जात या रोगाला बऱ्यापैकी तोंड देते.

पाल्याला हात लावताना पूर्ण बाह्या आणि हातमोजे हवेतच. पानांचा रस कातडीला लागून वर ऊन पडलं तर एक-दोन दिवसांत भाजल्यासारखे फोड येतात. विरळणी आणि पाला कापणं संध्याकाळी उरका. रस लागलाच तर साबणाने धुऊन दोन दिवस तो भाग उन्हापासून झाका.

काढणी 16 ते 20 आठवड्यांनी, पण घाई नको. थंडीत मुळातल्या स्टार्चची साखर होते, म्हणून दोन-चार आठवडे कडक थंडी खाल्लेलं मूळ गोड लागतं. थंडी पडतच नसेल तर काढलेली मुळं दोन आठवडे शून्य अंशाजवळ ठेवा. पाला धरून ओढू नका, बाजूची माती कुदळीने सैल करा. पाला छाटून ओलसर वाळूत साठवण. सफरचंदांजवळ ठेवली तर कडू होतात. जमिनीत राहिलेली मुळं वसंतात नवी पानं फुटायच्या आत काढा, नंतर ती लाकडासारखी होतात.

चार-पाच सरळ, निरोगी मुळं मात्र जागीच सोडा. थंडीनंतर त्यांना माणसाएवढा फुलोरा येतो, त्याला आधाराची काठी लावा. मधल्या मोठ्या, छत्रीसारख्या गुच्छाचं बी तपकिरी झालं की लगेच काढा, ते वाऱ्याने गळतं. सावलीत वाळवून पाकिटावर महिना-वर्ष लिहा, आणि ते येत्या हंगामातच पेरून संपवा.