काजूचा बुंधा आत्ता तपासा, पाने पिवळी व्हायची वाट बघू नका

पाऊस उघडला, काजूला पालवी सुटू लागली. आता सगळ्यांच्या नजरा वर : ढेकण्या (पालवी-मोहोराचा रस शोषणारी कीड) आला का, मोहोर कधी येतो. बुंध्याकडे कोणी बघत नाही, आणि पंधरा-वीस वर्षांची उत्पन्नाला आलेली झाडे जातात ती तिथूनच. रोठ्याने, म्हणजे खोड आणि मुळे पोखरणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीने.

पानात तयार झालेली साखर बारीक शिरांतल्या अन्नवाहिनीत भरली जाते. तिथला रस दाट झाला की शेजारच्या जलवाहिनीतले पाणी त्यात ओढले जाते, दाब वाढतो आणि रस मधल्या शिरेतून देठात, फांदीत, तिथून खोडाच्या सालीतून मुळांपर्यंत उतरतो. पाणी वर चढते लाकडातून, साखर खाली येते सालीच्या आतल्या थरातून. रोठ्याची अळी नेमका हा थर खाते. मुळे उपाशी राहतात. पण पाणी चढतच असल्याने पाने बरेच दिवस हिरवीच दिसतात. ती पिवळी पडतात तोवर मुळांचे काम आटोपलेले असते. अशा वेळी दुकानदार सूक्ष्म अन्नद्रव्यांची बाटली पुढे करतो. ती घेऊ नका. साल तुटलेली असताना वर मारलेले टॉनिक मुळांना पोचणार कुठून?

बुंध्याभोवतीचा पातेरा ओढून माती थोडी मोकळी करा. जमिनीपासून कंबरेइतक्या उंचीपर्यंतची साल आणि उघडी मुळे हाताने चाचपा. नुसता स्वच्छ डिंक जखमेचाही असू शकतो. डिंकात तांबूस भुसा मिसळलेला असेल तर रोठाच समजा. शेजारची झाडे रिकामी असताना एखादेच झाड अचानक लगडले, तरी त्याचा बुंधा आधी बघावा. हा आमचा अंदाज आहे, शिफारस नव्हे. पण खाली न उतरलेली साखर वरच साठते, म्हणून तो बरेचदा खरा ठरतो.

भुसा दिसला की १५ मि.मी. रुंदीच्या पटाशीने तेवढीच साल तासा. बोगद्याच्या मागे मागे जाऊन पांढरट अळी काढा आणि मारा. निरोगी साल सोलू नका. खोडाभोवती पूर्ण कडे निघाले तर रोठ्याचे उरलेले काम तुम्हीच कराल. मग क्लोरपायरीफॉस २० टक्के प्रवाही १० मि.लि. प्रति लिटर पाणी, या द्रावणाने बुंधा आणि उघडी मुळे चिंब भिजवा. हातमोजे घाला. पंधरा दिवसांनी पुन्हा बघा, एखादी अळी हमखास राहते.

या महिन्यातली बाकीची कामे :
- बेणणी (तण काढणे)
- सुकलेल्या फांद्या काढणे, कापांना बोर्डोपेस्ट (मोरचूद-चुन्याचा लेप)
- पालवीवर ढेकण्या दिसल्यास लॅम्बडा सायहॅलोथ्रीन ५ टक्के, ६ मि.लि. प्रति १० लिटर

खोडाच्या घेरातली निम्म्याहून जास्त साल गेली असेल आणि पानेही पिवळी असतील, तर त्या झाडावर औषध वाया घालवू नका. मुळासकट काढा. वरचे खोड तोडून खुंट तसाच ठेवला तर आतले कोष वाचतात आणि भुंगेरे शेजारच्या कलमांवर अंडी घालतात. खुंट, मोठी मुळे, सगळे पुढच्या हंगामाआधी बागेबाहेर नेऊन जाळा.