साहसी गेमचा दुसरा भाग रचताना: लढाई, भटकंती आणि कथा यांचा मेळ

साहसी व्हिडिओ गेमचा पहिला भाग लोकांना आवडला की दुसऱ्या भागाच्या पहिल्याच बैठकीत तीन मागण्या हमखास पुढे येतात: लढाई अधिक हवी, नकाशा मोठा हवा आणि कथा अधिक खोल हवी. तिन्ही मागण्या रास्त असतात. मात्र तिन्ही एकदम मान्य केल्या, तर दहा तासांचा गेम तीस तासांचा होतो आणि वाढलेले वीस तास कशात गेले हे खेळणाऱ्याला आठवत नाही. पुढील विवेचन त्या बैठकीच्या आधी वाचले जावे, या हेतूने लिहिले आहे. ते मुख्यतः लहान चमूंसाठी आहे. उदाहरणे मात्र मोठ्या स्टुडिओंच्या गेमची घेतली आहेत, कारण ते अनेकांनी खेळलेले असतात आणि त्यांचे लागोपाठचे भाग शेजारी ठेवून पाहता येतात.

आधी माझी भूमिका सांगतो. वेळेचे सारखे तीन वाटे केल्याने मेळ बसत नाही. भटकंतीत सापडलेली वस्तू किंवा वाट लढाईत कामी यावी, लढाईच्या निकालाने कथा पुढे सरकावी आणि कथेने पुढच्या भटकंतीला कारण द्यावे. हे देणेघेणे चालू असेल तर सलग अर्धा तास लढाई चालली तरी कंटाळा येत नाही. ते तुटले की कितीही देखणा कटसीन (फक्त पाहायचे कथादृश्य) असला तरी खेळाडू बटण दाबून तो ओलांडून जातो.

पहिल्या भागाची पट्टी आखावी

चौकटींच्या कागदाची एक लांब पट्टी घ्यावी आणि एक चौकट म्हणजे एक मिनिट असे धरून पहिला भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत पुन्हा खेळावा. लढाईसाठी लाल, भटकंती, चढाई आणि कोडी यांसाठी हिरवा आणि कथेसाठी निळा रंग वापरावा. दोन गोष्टी एकाच वेळी घडत असतील तर चौकटीत दोन्ही रंग भरावेत. पट्टी पूर्ण झाल्यावर रंगांची बेरीज करण्याची घाई करू नये. जिथे रंग बदलतो ती प्रत्येक जागा तपासावी आणि मागच्या रंगातून पुढच्या रंगात काय गेले, हे त्या जागेखाली एका वाक्यात लिहावे. जिथे लिहिण्यासारखे काही सुचत नाही, तिथे गेम शिवणीवर उसवला आहे असे समजावे. दुसऱ्या भागाचे काम या उसवलेल्या जागांपासून सुरू होते.

नॉटी डॉग या स्टुडिओचे २००७ आणि २००९ मधील दोन गेम या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. ‘अनचार्टेड: ड्रेक्स फॉर्च्युन’ या पहिल्या गेममध्ये शत्रूंच्या टोळ्यांमागून टोळ्या येतात, त्या संपल्या की चढाई येते आणि चढाई संपली की कटसीन. ‘अनचार्टेड २: अमंग थीव्ह्ज’मध्ये बंदुका कमी झाल्या नाहीत, त्या कुठे चालवायच्या, ते बदलले. आगगाडीच्या प्रकरणात नायक ड्रेक आपली साथीदार क्लोई हिला सोडवण्यासाठी धावत्या गाडीच्या शेवटाकडून पुढे सरकतो. डब्यांच्या बाजूंना लटकणे, टपावर गोळीबार करणे आणि क्लोईच्या जवळ पोहोचणे या तिन्ही गोष्टी एकाच दिशेने चालतात. त्या पट्ट्यातल्या बहुतेक चौकटींत तिन्ही रंग येतात.

त्यापेक्षाही शिकण्यासारखा भाग त्यानंतरचा आहे. जखमी ड्रेक तिबेटातल्या एका डोंगरी गावात जागा होतो. हाती बंदूक नाही, कोणी शत्रू नाही. खेळाडूने गल्ल्यांतून हळूहळू चालावे, माणसांना भेटावे, याकला थोपटावे, एवढेच. तिथे भेटणारा तेन्झिन आणि ड्रेक यांना एकमेकांची भाषा येत नाही. दोघे बर्फाच्या गुहांमधून जातात आणि त्यांच्यातला विश्वास हात देण्यातून आणि वर ओढून घेण्यातून तयार होतो. म्हणजे कथेचे काम तिथे चढाई करते. ते परत येतात तेव्हा गावावर हल्ला झालेला असतो आणि पुढे एक रणगाडा त्याच वस्तीतून ड्रेकचा पाठलाग करतो. त्या गल्ल्या खेळाडूच्या पायाखालून आधीच गेलेल्या असतात, त्यामुळे घर कोसळते तेव्हा ते कोणाचे तरी घर असते. शांत चालण्याची ती काही मिनिटे बैठकीत मांडली, तर बहुतेक जण ती कापायला सांगतील. ती कापू देऊ नयेत.

तक्रारीचे उत्तर कुठे शोधावे

पहिल्या भागाबद्दल आलेली तक्रार खरी असते. तिच्यावर सुचणारा पहिला उपाय मात्र बहुधा चुकतो. याचा धडा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या तीन भागांत मिळतो. २००३ च्या ‘द सँड्स ऑफ टाइम’मध्ये राजपुत्र स्वतःच आपली कहाणी सांगत असतो आणि खेळाडूच्या चुकीने तो मेला, की निवेदक म्हणून लगेच स्वतःला दुरुस्त करतो की असे घडले नव्हते. हरण्याचा क्षणसुद्धा कथेत सामावून घेणारी ही युक्ती मला आजही अतिशय आवडते. भिंतींवरून धावणे आणि काळ मागे फिरवणे यांचीही वाखाणणी झाली. लढाया मात्र त्याच त्या वाटत होत्या.

२००४ च्या ‘वॉरियर विदिन’ने या तक्रारीला सरळ उत्तर दिले: लढाई वाढवली, दुसरे शस्त्र दिले, डाव वाढवले. त्याबरोबर राजपुत्र संतापी झाला, संगीत कर्कश झाले आणि अमेरिकेत गेमचे वयाचे मानांकन किशोरांवरून सतरा वर्षांवरील खेळाडूंपर्यंत गेले. लढाई सुधारली, पण पहिल्या भागावर प्रेम करणाऱ्यांना आपला माणूस ओळखू येईना. त्या गेममधले, राजपुत्राच्या मागे लागलेल्या दहाका या राक्षसाचे पाठलाग तेवढे अस्सल उतरले आहेत, कारण तिथे धोका, धावपळ आणि राजपुत्राचे प्राक्तन एकच असते. २००५ च्या ‘द टू थ्रोन्स’ने खरे उत्तर शोधले. भिंतीवरून किंवा कड्यावरून नकळत शत्रूजवळ पोहोचावे आणि नेमक्या क्षणी बटण दाबून त्याला गारद करावे, अशी सोय त्यात आली. लोकांना आधीपासून आवडणाऱ्या चढाईतूनच लढाई घडवली गेली.

म्हणून प्रत्येक तक्रारीसमोर असा प्रश्न लिहावा: या दुबळ्या धाग्याला आपल्या सर्वांत बळकट धाग्यातून काय देता येईल? लढाई फिकी असेल आणि कोडी उत्तम असतील, तर कोड्यांची यंत्रणा लढाईच्या मैदानात आणावी. कथा फिकी असेल आणि भटकंती उत्तम असेल, तर नवे कटसीन लिहिण्याआधी जागाच बोलक्या कराव्यात.

भटकंतीचे मोल कशात चुकते करावे

२०१३ च्या ‘टूम रेडर’मध्ये ऐच्छिक थडगी होती, पण ती छोटी होती आणि त्यांच्या शेवटी मिळणारे बक्षीस म्हणजे अनुभवाचे गुण आणि खजिन्याचा नकाशा. २०१५ च्या ‘राइज ऑफ द टूम रेडर’मध्ये अशी थडगी ऐसपैस झाली आणि त्यांच्या शेवटी नायिका लाराला एखादे नवे प्राचीन कौशल्य मिळू लागले. भटकंतीचे मोल लढाईच्या आणि जगण्याच्या चलनात चुकते झाल्याबरोबर, केवळ पुढे जायची घाई असलेला खेळाडूही आडवाटेला वळू लागतो. २०१८ च्या ‘शॅडो ऑफ द टूम रेडर’ने लढाई, शोध आणि कोडी यांची काठिण्यपातळी वेगवेगळी ठरवण्याची मुभा दिली. प्रत्येकाचा तोल निराळा असतो, याची ही प्रामाणिक कबुली आहे आणि लहान चमूलाही ती परवडते, मात्र या जोड्या आधी स्वतः खेळून पाहायला हव्यात.

‘झेल्डा’ मालिकेतल्या ‘टिअर्स ऑफ द किंगडम’ने २०२३ मध्ये याहून धाडसी पाऊल उचलले. २०१७ च्या ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’मधलाच हायरूल देश पुन्हा घेऊन त्याच्या वर आकाशातली बेटे आणि खाली अंधारे भूगर्भ रचले. सुरुवातीलाच नायक लिंकचा हात निकामी होतो आणि तलवार मोडते. म्हणजे आधीची ताकद हिरावली जाते, पण लगेचच्या बेटावर वस्तू जोडण्याच्या, छतातून वर जाण्याच्या आणि वस्तूचा काळ उलटा फिरवण्याच्या शक्ती मिळतात. काही काढून घ्यायचे असेल तर इतक्याच तत्परतेने नवे क्रियापद, म्हणजे करता येण्याजोगी नवी कृती, खेळाडूच्या हाती द्यावे. शिवाय मारलेल्या राक्षसाचे शिंग शस्त्राला जोडता येते, त्यामुळे एका लढाईचे उत्पन्न पुढच्या लढाईत लागते आणि जंगलातली प्रत्येक वस्तू उचलून पाहावीशी वाटते.

त्याच गेममधली उणीवही लक्षात ठेवावी. हरवलेल्या राजकन्या झेल्डाचे काय झाले, हे सांगणारी दृश्ये देशभर विखुरलेली आहेत आणि ती कोणत्याही क्रमाने सापडू शकतात. एखाद्याला उत्तरार्धातले दृश्य आधी सापडले, तर रहस्य उलगडते, आणि त्यानंतरही मुख्य कथेतली माणसे काहीच ठाऊक नसल्यासारखी तिचा शोध घेत राहतात. मोकळ्या नकाशात कथेचे तुकडे पेरायचे असतील तर दोनच मार्ग सुरक्षित वाटतात. एकतर प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे उभा राहील असा लिहावा, किंवा तुकडे जागेला न बांधता मोजणीला बांधावेत, म्हणजे खेळाडू कुठेही गेला तरी तिसऱ्या खेपेला सापडणारा तुकडा तिसराच असेल. दुसरा मार्ग प्रोग्रामिंगला सोपा आहे; लेखकाला मात्र ती जागा आणि तो तुकडा यांचा संबंध सैल ठेवावा लागतो.

जागा अशी निवडावी की ती तिन्ही कामे करील

२०१७ च्या ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’चा पश्चिम घाटातला भाग आपल्या वाचकांनी अवश्य खेळावा. कर्नाटकातल्या होयसळ वास्तूंवर बेतलेल्या या मोकळ्या प्रदेशात क्लोई आणि तिची जोडीदार नेडीन जीपने फिरतात. मुख्य ठिकाणे हव्या त्या क्रमाने गाठता येतात, आणि ऐच्छिक शोध पूर्ण केल्यावर मिळणारे कंकण जवळच्या खजिन्याची सूचना देते. क्लोईचे वडिलांबद्दलचे बोलणे आणि नेडीनशी जमत जाणारी मैत्री यांचा बराच अंश प्रवासातल्या संवादांत येतो. प्रदेश आटोपशीर आहे, म्हणूनच तिथली कोणतीही वाट निरर्थक वाटत नाही.

सह्याद्रीतले किल्ले चढणाऱ्याला हे तत्त्व निराळे शिकवावे लागत नाही. गोमुखी रचनेचा दरवाजा आठवावा: रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड असा बसवला आहे की तो खालून दिसत नाही, जवळ आल्यावरच सापडतो, आणि जवळ आलेला शत्रू बुरुजांच्या बेचक्यात अडकतो. शोध आणि लढाई एकाच दगडी वळणात आहेत, आणि बांधणाऱ्याचा विचारही तिथेच वाचता येतो. प्रत्येक लेव्हलमध्ये अशी किमान एक जागा असावी. पुण्यात घडलेल्या, २०२० मध्ये आलेल्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’मध्ये भित्तिचित्रांपाशी थांबले की देवांच्या कथा ऐकू येतात. तशा जागेचा नकाशा पुढच्या लढाईत वापरला, तर तीच भिंत दुप्पट काम करील.

सोबत्याचे बोलणे

२०१८ च्या ‘गॉड ऑफ वॉर’मध्ये नावेतून जाताना मिमीर हा सोबती गोष्ट सांगत असतो. किनाऱ्यावर उतरले की तो थांबतो आणि पुन्हा नावेत बसल्यावर राहिलेली गोष्ट पुढे सुरू करतो. यासाठी गोष्ट लिहितानाच तोडण्याच्या जागा आणि जोडणारी वाक्ये लिहून ध्वनिमुद्रित करावी लागतात. हे काम शेवटी उरकण्यासारखे नाही. त्याच्या पुढच्या भागात, २०२२ च्या ‘रॅग्नारॉक’मध्ये मात्र सोबती कोड्याची उत्तरे फार लवकर सांगतात, अशी तक्रार अनेक खेळाडूंनी केली. सूचना सेकंदांवर न बांधता फसलेल्या प्रयत्नांवर बांधावी: खेळाडू नुसता पाहत उभा असेल तर सोबत्याने गप्प राहावे, दोनदा चुकल्यावर एका वस्तूकडे लक्ष वेधावे आणि चौथ्या चुकीनंतरच उपाय सांगावा.

प्लेटेस्ट आणि काटछाट

चाचणीसाठी पहिला भाग खेळलेले आणि न खेळलेले असे दोन्ही प्रकारचे लोक बोलवावेत आणि त्यांची उत्तरे एकत्र करू नयेत. तासभर खेळल्यावर त्यांना गेम कसा वाटला, असे विचारू नये. काय काय घडले ते सांगायला लावावे आणि मध्ये बोलू नये. नंतर, आता कुठे जाणार आणि का, असे विचारावे. “बाण तिकडे दाखवतोय” हे उत्तर आले, तर कथेने कारण दिलेले नाही. कोणाचे नाव घेऊन किंवा एखाद्या दिसलेल्या जागेचे वर्णन करून उत्तर आले, तर ती शिवण घट्ट आहे.

वेळ आणि पैसा कमी पडणारच. तेव्हा सगळीकडून थोडे शत्रू, थोडे संवाद आणि थोड्या आडवाटा कमी करण्याचा मोह होतो. त्याने सर्वच जागा विरळ होतात. त्यापेक्षा एक संपूर्ण ठिकाण, त्याच्या लढाईसह, कोड्यांसह आणि कथेसह काढून टाकावे, त्यातला कथेला अनिवार्य असा एखादाच दुवा शेजारच्या ठिकाणी न्यावा आणि उरलेल्या गेमची पट्टी नव्याने रंगवून पाहावी.