गोठ्याचा गळका पत्रा: फोम कुठे मारावा, कुठे नाही

पाटण-जावळीकडे मृगाचा पाऊस धरला की पत्र्यावर चढता येत नाही, म्हणून हे काम मेमध्येच उरकावे. एक गोष्ट पक्की धरा: पीयू फोम, म्हणजे डब्यातून मारला की फुगून घट्ट होणारा फेस, फट भरतो; पाणी अडवायचे काम वॉशर आणि टेपचे.

आधी गळती शोधा. गव्हाणीवर थेंब पडतो म्हणजे भोक त्याच्या डोक्यावरच असते असे नाही. पाणी पत्र्याच्या पोटाला धरून उताराने येते आणि पर्लिनला, म्हणजे पत्रा ज्यावर बसवतात त्या आडव्या पट्टीला, अडून खाली पडते. एकाने वळचणीपासून पाइपने थोडे थोडे पाणी मारत आढ्याकडे जायचे, दुसऱ्याने आतून खडूने खूण करायची. वरून एकदम पाणी सोडले तर सगळीकडूनच ठिबकते. थंडीत पहाटे आतून ठिबकते ते बहुधा जनावरांच्या श्वासाची वाफ गार पत्र्याला लागून झालेले पाणी. त्याला फोम नको, वारा हवा.

वर पाय ठेवायचा तो स्क्रूच्या ओळीवर, खाली पर्लिन असते तिथेच, तोही फळी टाकून. सिमेंटच्या पत्र्यावर चढूच नका. तो सांगून मोडत नाही.

खरी गळती बहुधा स्क्रूपाशी असते. उन्हाने स्क्रूखालच्या वॉशरच्या रबराला चिरा पडतात, भोक सैल होते. जुना 5.5 मिमीचा स्क्रू काढून 6.3 मिमीचा, नव्या रबरी वॉशरसह बसवा. रबर कडेला जेमतेम दिसेल इतकेच आवळा; ते बाहेर फुगून आले तर फाटणार. इथे फोमचा गोळा थापला की खाली पाणी मुरते आणि पत्रा गंजतो.

दोन पत्र्यांच्या जोडातही फोम घालू नका. तो फुगतो, वरचा पत्रा उचलतो आणि फट वाढते. तिथे ब्युटाइल टेप, म्हणजे मऊच राहणारी चिकट रबरी पट्टी, लावून पत्रे पुन्हा आवळा. 6 मीटरचा लोखंडी पत्रा तापमानातल्या 40 अंशांच्या फरकाने जवळपास 3 मिमी लांबतो, म्हणून कडक होणारा भराव तिथे टिकत नाही.

फोमची जागा म्हणजे पत्रा भिंतीला टेकतो ती फट आणि आढ्यावर झाकणासारख्या बसवलेल्या पत्र्याखालच्या, वाऱ्याने पाऊस आत घुसतो त्या पन्हळी. आढ्याच्या सगळ्या पन्हळी मात्र बुजवू नका, नाहीतर गोठ्यात मुताचा उग्र वास कोंडतो.

तारेच्या ब्रशने गंज काढा, धूळ पुसा, जागा किंचित ओली करा. फोम हवेतल्या ओलीनेच घट्ट होतो. डबा 30 वेळा हलवून उलटा धरा आणि फट निम्मीच भरा. हातमोजे, चष्मा हवाच, कातडीला चिकटलेला फोम सहज निघत नाही. जनावरे आणि कडबा आधी बाहेर काढा. बिडी, धुरी बंद. डब्यातला वायू पेट घेतो, वाळलेला फोमही जळतो.

तासाभराने जास्तीचा फोम कापा, पण उघडा ठेवू नका. कापलेला भाग पाणी पितो आणि उन्हात पिवळा पडून भुगा होतो. दुसऱ्या दिवशी त्यावर अॅल्युमिनियमची ब्युटाइल टेप दाबून बसवा, दोन्ही बाजूंना 5 सेंमी पत्रा धरेल अशी. वळवाची पहिली सर आली की खडूच्या खुणांखाली उभे राहून बघा.