सांगितल्या वेळेला येणारा ठिपका

भौतिकशास्त्राची पदवी हातात पडली तेव्हा मला एकच वेड होतं, मुलांना आकाश दाखवायचं. तीन वर्षं तारांगणात आणि शाळाशाळांतून कार्यक्रम केले. त्या जोरावर एका निर्वासित छावणीतल्या मुलांच्या केंद्रात स्वयंसेवक म्हणून दाखल झाले. मुलं सात ते चौदा वयाची, बहुतेकांसोबत आईवडील नाहीत. माझ्या बॅगेत एक छोटी दुर्बीण, फुग्यांचं पाकीट आणि अग्निबाणाच्या उड्डाणाचा झकास व्हिडिओ.

पहिल्याच दिवशी तो व्हिडिओ लावला, आवाज पूर्ण मोठा करून. तीन, दोन, एक झालं, इंजिनं पेटली आणि निम्मी मुलं टेबलांखाली गेली. एक मुलगी धाकट्या भावाला बखोटीला धरून दाराबाहेर पळाली. मी टाळ्यांची वाट बघत उभी होते. केंद्रप्रमुख बाईंनी प्रोजेक्टर बंद केला आणि मला एवढंच म्हणाल्या, "आता बोलू नकोस, खाली बस." आम्ही दोघी फरशीवर बसून राहिलो. वीसेक मिनिटांनी पहिला मुलगा बाहेर आला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. फुग्यांचं पाकीट मी त्यानंतर उघडलंच नाही. फुगा कधी फुटेल याचा नेम नसतो.

हे लिहिते आहे ते विज्ञान शिकवता शिकवता या कामात येऊ पाहणाऱ्यांसाठी. समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकून येणाऱ्यांना निदान वर्गात कुणीतरी सावध केलेलं असतं. आपल्या मनात मात्र पक्कं बसलेलं असतं की कुतूहल जागं झालं की मूल आपलंसं होतं. इथल्या मुलांना कुतूहल भरपूर असतं हो. पण ते आधी तुमच्याबद्दल असतं: ही बाई कोण, हिला काय हवंय, आणि ही कधी जाणार.

एक शब्द आधी बाजूला ठेवा, 'अनाथ'. मी आल्या आल्या तो सर्रास वापरत होते. केसवर्करने, म्हणजे एकेका मुलाचं प्रकरण सांभाळणाऱ्या कार्यकर्तीने, मला थांबवलं. मूल एकटं सापडलं म्हणजे त्याचे आईवडील गेले असं होत नाही. ताटातूट झालेली असू शकते, ते दुसऱ्याच छावणीत असू शकतात. म्हणून अशा मुलांबद्दलची २००४ची आंतरसंस्था मार्गदर्शक तत्त्वं 'सोबत कुणी नसलेली' आणि 'ताटातूट झालेली' असे शब्द वापरतात, आणि शोध पूर्ण होईपर्यंत मुलाला अनाथ ठरवू नये असं मानलं जातं. रेडक्रॉसचं शोधकार्य कित्येकदा वर्षानुवर्षं चालतं. २०२३च्या अखेरीस जगात सक्तीने विस्थापित झालेल्या माणसांची संख्या ११ कोटी ७३ लाख होती आणि त्यात सुमारे ४० टक्के मुलं होती. एवढ्या गर्दीत हरवलेलं माणूस सापडायला वेळ लागतो. तुमच्या तोंडून निघालेला 'अनाथ' हा शब्द मात्र मुलाच्या कानावर त्याच दिवशी पडतो.

आता आकाशाकडे. आपल्या दृष्टीने रात्रीचं आकाश म्हणजे आनंदाची जागा. अंधारात सतरंजी टाकायची, पाठीवर झोपायचं, वर बघायचं. या मुलांच्या बाबतीत यातली एकेक गोष्ट तपासून घ्यावी लागते. अंधार, उताणं झोपणं, वरून सरकत जाणारा दिवा. पहिल्या आकाशदर्शनाला मी आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानक दाखवायचं ठरवलं होतं. सगळं उत्साहाने समजावलं: जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर, तासाला जवळपास २८ हजार किलोमीटर वेगाने जातं, दीड तासात पृथ्वीला एक फेरी. दुभाष्याने सांगून संपवलं तसा एका मुलाने विचारलं, "त्यातून खाली काही पडतं का?"

या प्रश्नाचं उत्तर मी तयार ठेवलं नव्हतं. तुम्ही ठेवा. "नाही. आत माणसं आहेत, बहुतेक वेळा सात. ती प्रयोग करतात, व्यायाम करतात, झोपतात. त्यांच्याकडे शस्त्रं नाहीत." मग विमानात आणि त्यात फरक कसा ओळखायचा ते सांगितलं: विमानाचे दिवे लुकलुकतात, लाल-हिरवे असतात, स्थानकाला स्वतःचा दिवा दिसत नाही, ते सूर्याच्या उजेडात चमकतं, म्हणून संध्याकाळी अंधार पडल्यावर किंवा पहाटेच दिसतं, न लुकलुकता, आणि आवाज अजिबात नाही. ही माहिती तारांगणात मी दोन वाक्यांत उरकत असे. इथे तिच्यावर पूर्ण तास गेला, आणि तो सत्कारणी लागला. कोणता दिवा भीतीचा आणि कोणता नाही हे मुलांना स्वतः ओळखता यायला लागलं.

त्या दिवशी मी फळ्यावर वेळ लिहिली होती: सात वाजून बारा मिनिटं, पश्चिमेकडून. तेव्हा ती फक्त माहिती होती. सात-बाराला ठिपका उगवला, चार मिनिटं चालला आणि आकाशाच्या मध्यावर लालसर होत विझला. ते पृथ्वीच्या सावलीत कसं शिरतं याचं गणित मी समजावत होते, पण त्या 'काही पडतं का' विचारणाऱ्या मुलाचं लक्ष फळ्यावर होतं. दुसऱ्या दिवशी तो आला आणि म्हणाला, आजची वेळ लिही.

पुढचे दोन आठवडे आमचं नातं एवढंच होतं. मी वेळ लिहायची, तो तपासायचा. मोठ्यांनी सांगितलेली गोष्ट सांगितल्या वेळेला होते की नाही याची त्याने चक्क नोंद ठेवली. इथे एक तांत्रिक गोष्ट आमच्या फार कामी आली. स्थानकाच्या वेळा फार पुढच्या सांगता येत नाहीत. त्या उंचीवरही विरळ वातावरणाचं घर्षण असतं, कक्षा हळूहळू खाली येते, मग इंजिन चालवून ती वर उचलतात, आणि वेळा बदलतात. म्हणून मी फक्त आठवड्याच्या वेळा लिहायचे. महिनाभराच्या वेळा सांग म्हटल्यावर मी सांगायचे, मला त्या नक्की सांगता येणार नाहीत, नंतर चुकतील. गंमत म्हणजे हे उत्तर त्याला आवडायचं.

ढग आले तेव्हा पंचाईत झाली. ठरल्या वेळी सगळे बाहेर, आणि वर नुसता करडा पडदा. मी सवयीने म्हणाले, "ते आत्ता वरून गेलं, फक्त आपल्याला दिसलं नाही." भावाला घेऊन पळालेली ती मुलगी, जी तोवर माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती, म्हणाली, "म्हणजे जे दिसत नाही ते असतंच का?"

अशा वेळी तुमच्या जिभेवर काही तरी गोड येईल. गिळा. आई तारा झाली, वरून बघते आहे, असलं काहीही बोलू नका. ज्या मुलाला आई जिवंत आहे की नाही हेच माहीत नाही, त्याला ते वाक्य म्हणजे निकाल असतो, आणि तो द्यायचा अधिकार तुम्हाला नाही. मी थोडा वेळ घेतला आणि म्हणाले, "स्थानकाचं मला माहीत आहे, कारण जमिनीवरची माणसं त्यातल्या माणसांशी रोज बोलतात. जे मला माहीत नाही, त्याबद्दल मी सांगू शकत नाही." ती काही बोलली नाही. त्याच संध्याकाळी मी तिचा प्रश्न जसाच्या तसा केसवर्करला कळवला. तिचं शोधप्रकरण चालू होतं आणि ती विचारते आहे हे त्यांना कळणं गरजेचं होतं. नवख्यांना वाटतं मुलाने आपल्याला सांगितलं म्हणजे ते आपलं गुपित. तसं वचन कधी देऊ नका. "तुला धोका असेल असं वाटलं तर मला अमक्याला सांगावं लागेल," हे पहिल्याच आठवड्यात मुलांना सांगून ठेवा.

आमचा सगळ्यात टिकलेला खेळ म्हणजे यान. खुर्च्या आडव्या पाडून यान, आणि पलीकडच्या टेबलावर नियंत्रण कक्ष. पहिल्या वेळी मी वयाप्रमाणे गट पाडले आणि भावंडं वेगळ्या यानांत गेली. खेळ दोन मिनिटांत कोसळला. हे मला वाचून माहीत असायला हवं होतं. तेरेझिनच्या नाझी छळछावणीतून आलेल्या सहा चिमुरड्यांना १९४५मध्ये इंग्लंडमधल्या एका घरात ठेवलं होतं; त्यांच्याबद्दल बालमनोविश्लेषक आना फ्रॉइड आणि त्या मुलांना सांभाळणाऱ्या सोफी डान यांनी १९५१मध्ये लिहिलं. तीन-चार वर्षांची ती मुलं मोठ्यांकडे ढुंकूनही बघत नसत, पण एकमेकांपासून क्षणभर वेगळी राहायला तयार नसत. आधी त्यांची आपसातली साखळी मान्य केली, मग हळूहळू मोठ्यांना त्यात जागा मिळाली. आमच्या यानात त्यानंतर कोण कुणाशेजारी बसणार हे मुलंच ठरवत. एकाला तर बसायचंच नसायचं. तो दारापाशी उभा राहायचा. आम्ही त्याला दारपाल केलं. खऱ्या यानातही झडप नीट लागली का हे बघण्याला केवढं महत्त्व असतं!

खेळाचा एक नियम मात्र मी घातला, माणसांना घेऊन चंद्राभोवती फिरून आलेल्या अपोलो ८ या यानावरून. १९६८च्या डिसेंबरमध्ये ते यान चंद्रामागे गेलं तेव्हा पृथ्वीशी संपर्क तुटणार हे ठाऊक होतं, आणि तो केव्हा तुटेल, केव्हा परत जुळेल हे आधी काढलेलं होतं. आमच्या नियंत्रण कक्षानेही न सांगता गप्प व्हायचं नाही. "आता दोन मिनिटं आवाज येणार नाही, मग मी परत येईन," असं म्हणायचं आणि दोन मिनिटांनी खरंच यायचं. मुलं तो नियम माझ्यावर कधी लावायला लागली ते कळलंच नाही. मी पाणी प्यायला उठले तरी कुणीतरी विचारायचं, किती मिनिटं?

अंतराळवीरांच्या गोष्टी सांगताना मी आधी पराक्रमाच्या सांगत होते. त्या सपाट पडल्या. मग सेर्गेई क्रिकाल्योवची सांगितली. तो मे १९९१मध्ये सोव्हिएत संघातून त्यांच्याच मीर या अंतराळस्थानकावर गेला, वर असतानाच डिसेंबरमध्ये तो देश विसर्जित झाला, आणि ३११ दिवसांनी मार्च १९९२मध्ये तो उतरला तेव्हा ज्या देशाने त्याला पाठवलं तो नकाशावर नव्हता. खोली एकदम गप्प. मग प्रश्न आला, "मग त्याला खाली घेतलं कुणी?" मोठ्यांना ही गोष्ट सांगितली तर ते राजकारणावर बोलतात. हा प्रश्न मला फक्त तिथेच ऐकायला मिळाला.

दोन अंतराळवीर तर पुढे स्वतःच निर्वासित झाले. सीरियाचा मुहम्मद फारिस १९८७मध्ये मीरवर गेला होता. २०१२मध्ये त्याला कुटुंबासह तुर्कस्तानात आसरा घ्यावा लागला, आणि २०२४मध्ये तो तिथेच वारला. अफगाणिस्तानचा अब्दुल अहद मोहमंद १९८८मध्ये गेला. परतीच्या वेळी यानात बिघाड झाला आणि त्याला आणि त्याच्या सहकाऱ्याला त्या चिंचोळ्या जागेत आणखी एक दिवस पृथ्वीभोवती फिरत काढावा लागला. देशात यादवी माजल्यावर तो जर्मनीत गेला आणि तिथेच स्थायिक झाला. मला वाटलं, या गोष्टींनी मुलांना उभारी येईल. दारपालाने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "अंतराळात जाऊन आलं तरी पळावं लागतंच?" तेव्हा उभारी देण्याच्या हिशोबाने गोष्टी निवडू नका. खऱ्या असतील तर सांगा आणि पुढे मुलं काय करतील ते त्यांच्यावर सोडा.

आता रुक्ष पण गरजेच्या गोष्टी, भराभर. चारित्र्य पडताळणी आणि आचारसंहितेवर सही याशिवाय जी संस्था तुम्हाला मुलांमध्ये सोडते तिथे काम करू नका. मुलासोबत बंद खोलीत एकटं राहायचं नाही. फोटो काढायचा नाही, पाठमोराही नाही. एकालाच भेट द्यायची नाही. मी एका मुलीला चंद्राचा नकाशा दिला आणि त्यावरून झालेलं भांडण आठवडाभर पुरलं. दुभाषी असेल तर बोलताना बघायचं मुलाकडे. भूतकाळ आपण विचारायचा नाही. मुलाने काढला तर ऐकायचा, तपशील उकरायचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका छोटी आहे, ती आधी वाचा. पाहा, ऐका, जोडून द्या, एवढीच तिची मांडणी, आणि आपल्यासारख्यांचं काम बहुतेक तिसऱ्या शब्दात येतं, म्हणजे योग्य माणसाशी गाठ घालून देणं. उपचार करायला तुम्ही आलेला नाही. रात्री झोप लागेनाशी झाली तर सहकाऱ्याला सांगा. मी दोन महिने लपवलं, चुकलं.

आणि मुदत. दोन आठवड्यांसाठी येणार असाल तर मुलांमध्ये येऊच नका. सामान लावा, तक्ते करा, शिक्षकांना प्रशिक्षण द्या, त्याचीही गरज असते. मी सहा महिन्यांसाठी आले होते आणि हे मुलांना चौथ्या महिन्यात सांगितलं. खरं तर पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं. भावाला घेऊन पळालेल्या त्या मुलीने त्यानंतर दहा दिवस माझ्याकडे पाठ केली. अकराव्या दिवशी येऊन विचारलं, जायची तारीख कोणती. मी ती फळ्यावर स्थानकाच्या वेळांखाली लिहिली आणि ती पुसायची नाही असं ठरलं.

शेवटच्या आठवड्यात माझ्या जागी येणारी मैत्रीण माझ्यासोबत रोज बसत होती. ती नुसती बघायची, यानात तिला कुणी घेतलं नव्हतं. शेवटच्या संध्याकाळी मी वेळांचा कागद तिच्याकडे दिला. वेळा तपासणारा तो मुलगा तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि दुभाष्याची वाट न बघता, आमच्याकडून उचललेल्या मोडक्यातोडक्या शब्दांत त्याने विचारलं, "तू किती दिवस?"

ती म्हणाली, "आठ महिने."

त्याने तिच्या हातातून कागद घेतला, उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला आठ लिहिले.