नावं काढली, तरी माणूस ओळखू आला

सर्वेक्षणाचा डेटा इतरांना वापरायला द्यायचा होता, म्हणून त्यातून नावं, फोन नंबर काढले आणि मी निर्धास्त झालो. सहकाऱ्याने फाइल उघडली आणि वय, व्यवसाय, राहण्याचा भाग एवढ्यावरून एका सहभागी बाईंना ओळखलं! जन्मतारीख, लिंग आणि पिनकोडवरून अमेरिकेतले सुमारे ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येतात, असं डेटा-गोपनीयतेच्या संशोधक लटान्या स्वीनी यांनी २००० साली दाखवलं होतं. वाचलं होतं, पण स्वतःच्या फाइलला लावून पाहिलं नव्हतं.

मग वयाचे गट पाडले, व्यवसाय ढोबळ केले. एका गटात ५ पेक्षा कमी माणसं उरली की तपशील झाकला. मोकळी, म्हणजे लोकांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलेली उत्तरं मात्र चिवट. लोक त्यात मुलांची नावंसुद्धा लिहितात. ती मर्यादित प्रवेशाखाली ठेवली. संमतीपत्रात डेटा इतरांना देण्याचा उल्लेख होता, हे नशीब. बाकी सीएसव्ही (डेटाच्या तक्त्याची साधी फाइल), कोडबुकसह (कुठल्या रकान्याचा अर्थ काय ते सांगणारी यादी), रिपॉझिटरीत, म्हणजे डेटाच्या ऑनलाइन संग्रहात गेली.